चौथ्या सिलिंडरमधला श्वास

हे कुणाला घाबरवायला सांगत नाही. माझ्या आईवडिलांनी स्वतःच्या हातांनी अनुभवलेलं आहे.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

साल १९४२. भोरजवळचं शिवरे गाव. माझे वडील, गेनू मिस्त्री, सडकेच्या कडेला मोटारी दुरुस्त करायचे.

त्या पावसाळ्यात प्रवासी नेणारी एक सर्व्हिस मोटार रिकामी परतताना गुंजवणी नदीच्या पुरात गेली. महिन्याभरानं मोटार सापडली.

ड्रायव्हर सावळाराम सापडला नाही.

लढाईमुळे सुटे भाग मिळत नव्हते. मालकानं त्याच मोटारीचं इंजिन वडिलांकडं आणून टाकलं. धड असेल तर दुसऱ्या गाडीत बसवायचं होतं.

वडिलांनी ते खोललं, पुसलं, आठ दिवस वाळवलं, परत जोडलं. मग दाब बघायला घेतला. प्लग काढायचे, भोकावर अंगठा दाबायचा, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं. सिलिंडर चांगला असेल तर आतली हवा अंगठा उडवते.

हँडलवर माझी आई होती. ठकुबाई.

पहिला... फट्.

दुसरा... फट्.

तिसराही तसाच.

चौथ्याला आवाजच नाही.

मग अंगठा हळूच आत ओढला गेला. थोड्या वेळानं ऊन हवा बाहेर आली. परत ओढ... परत हवा.

"थांब गं जरा," वडील म्हणाले.

"म्या कवाच थांबले," आई म्हणाली.

हँडल जमिनीवर पडलं होतं.

वडिलांचा अंगठा अजून भोकावरच होता. आत... बाहेर. आत... बाहेर. हवेला नदीच्या गाळाचा वास होता.

आईनं रतनबाईला बोलावून आणलं. सावळारामची बायको. तिनं भोकावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

रडली नाही.

"झोपल्याव असाच श्वास घ्यायचे," ती म्हणाली.

मग इंजिनावर वाकून अगदी हळू बोलली, "अवं, हितं कशापायी थांबलाय? घरी चला."

श्वास थांबला.

वडिलांनी चौथा परत तपासला. फट्. चारही सिलिंडर ठणठणीत. मालकानं इंजिन नेलं, ते पुढं सहा वर्षं विनातक्रार चाललं.

वडिलांना वाटलं, सुटला बिचारा.

पंधरा दिवसांनी सकाळी रतनबाई आमच्या दारात आली. डोळे खोल गेलेले. घरात यायला तयार नव्हती. आईचा हात धरून उभी राहिली.

"आले खरं," ती म्हणाली. "पन बोलत न्हाईत, जेवत न्हाईत. रातभर उशापाशी बसून ऱ्हात्यात. ठकुबाई... म्याच बोलावलंय. आता जावा म्हनून कसं सांगू?"

आई काय म्हणाली, ते मी पुष्कळदा विचारलं. ती प्रत्येक वेळी उठून दुसऱ्या कामाला लागली.

रतनबाई आपल्या त्या घरात पुढं अकरा वर्षं राहिली.

एकटी राहिली, असं गावात सगळे म्हणतात.

मला तसं म्हणवत नाही.