ओझरच्या कोल्ड स्टोरेजमधली भरती

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचलेली असती, तर शेवट माझ्या हातात असता.

घडली ती गेल्या मार्गशीर्षात, नाशिकला, ओझरच्या पुढे आमच्या उपेंद्रमामाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तीही भर दिवसा. असलं काही रात्रीच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरूर वाचावं.

मालिनी माझी मावसबहीण. ती आणि तिचा नवरा देवव्रत, दोघंही समुद्रकिनाऱ्यावर संशोधन करायचे. खाडीच्या चिखलात दीड मीटरची प्लॅस्टिकची नळी उभी ठोकायची, भरलेली वर ओढायची आणि गाळाच्या थरांवरून त्या किनाऱ्याचा शंभर-दोनशे वर्षांचा इतिहास वाचायचा. आम्ही चिडवायचो, "नाशिकच्या पोरीला गोदावरी पुरली नाही, निघाली समुद्र उपसायला!"

आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कार्तिक अमावास्येच्या सकाळी कोकणातल्या एका खाडीच्या मुखाशी देवव्रत बुडाला. खाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे माणसं राहतात.

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात तो गुडघाभर रुतून नळ्या काढत होता. मालिनी काठावर लेबलं लावत होती. पाणी नऊ वाजता यायचं होतं.

ते आधीच आलं.

सतरावी नळी त्याने फळीवर ठेवून तिच्याकडे ढकलली. "हिला धर!" एवढंच ओरडला. मालिनीने नळी धरली, त्याच्याकडे सरकवायला दुसरी फळी उचलली, वळून पाहिलं... तर तिथे नुसतं पाणी होतं.

नऊ दिवस होड्या फिरल्या. देह मिळाला नाही. शोध थांबला.

नळ्या थंडाव्यात राहायला हव्या होत्या आणि त्या दोघांच्या संस्थेतली शीतयंत्रणा नेमकी बंद होती. म्हणून मामाने द्राक्षांच्या हंगामाआधी मोकळी असलेली एक लहान खोली दिली. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी सतराही नळ्या तिथे रॅकवर लागल्या. शोध थांबल्यावर मालिनीला तिच्या वडिलांनी देवळाली कॅम्पला माहेरी आणलं.

ती जेवत नव्हती. रोज सकाळी खाडीवरच्या बंदरात फोन लावायची. "आज काही?"

"नाही मॅडम."

तिच्या सासूबाई भेटायला यायच्या, तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "निदान देह मिळू दे गं. शेवटी तू त्याच्याजवळ होतीस, तेवढंच त्याचं नशीब."

हे ऐकलं की मालिनी उठून न्हाणीघरात जायची आणि नळ सोडून ठेवायची. का, ते मला पुढे कळलं.

बाविसाव्या दिवशी कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर हिरामण याचा मालिनीला फोन आला. तो गेली बारा वर्षं मामाकडे होता, उगाच घाबरणारा गडी नव्हे.

"ताई, नळ्या ठेवल्यापासनं तुमच्या खोलीत पाणी होतंय. मेकॅनिक आणला, पाईप तपासले, गळत कुठूनच नाय. येतंय अन् आपोआप जातंय." मग आवाज खाली आणला. "अन् ताई... खारट हाय."

मी तिला गाडीतून घेऊन गेले. फरशी तेव्हा कोरडी होती. हिरामणने तापमानाची वही पुढे केली. दर दोन तासांनी तो खोलीचं तापमान लिहायचा. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात जागोजाग लिहिलं होतं, 'फरशी ओली', आणि पाणी दिसलं ती नेमकी वेळ.

दिवसातून दोनदा. रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा.

मालिनीचं बोट पानावर थांबलं.

"ही भरती आहे," ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. समुद्र कुठे, ओझर कुठे! मध्ये अख्खा घाट. पण तिने मोबाईलवर त्या खाडीचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि वहीतल्या प्रत्येक वेळेपुढे फरक लिहीत गेली.

पहिले नऊ दिवस प्रत्येक नोंद कोष्टकाच्या बरोब्बर चाळीस मिनिटं आधीची होती.

ती खाली फरशीवरच बसली.

"मालू, काय झालं?"

"कोष्टक आतल्या बंदराचं असतं," ती म्हणाली. "भरती सगळीकडे एकाच वेळी येत नाही. खाडीच्या मुखाशी चाळीस मिनिटं आधी, आत जावं तसतशी उशिरा. ती चाळीस मिनिटं वजा करायची असतात. दर वेळी मीच करायचे. त्या दिवशी केली नाहीत. आठ वीसला येणारं पाणी मी नऊ लिहिलं. आणि तो माझ्या कागदावर विश्वास ठेवून उभा राहिला."

कुणालाच माहीत नव्हतं हे. सासूबाईंनाही नाही.

मी तिला नुसती धरून राहिले. हिरामण भिंतीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "पण ताई, म्होरं फरक बदललाय ना. धाव्या दिसापासून बघा."

तिने पान उलटलं. तीस मिनिटं आधी. वीस. दहा. मग कोष्टकाच्याच वेळेला. मग दहा मिनिटं उशिरा. वीस. तीस. कालची नोंद... पंचेचाळीस मिनिटं उशिरा.

मालिनी ताडकन उठली.

"तो हलतोय. खाडीतून आत आत सरकतोय!"

तिने तिथूनच बंदरात फोन लावला. "पंचेचाळीस मिनिटं उशीर म्हणजे खाडीचं जवळजवळ शेवटचं टोक. तिथे शोधा. तुमच्या पाया पडते." आणि खरंच सांगते, फोन कानाला धरून ती वाकली. समोर कुणी नसताना.

दुपारी चारला उलट फोन आला.

देह नव्हता. जॅकेट मिळालं. पाण्यात नाही... तिवराच्या फांदीवर अडकवलेलं. सगळे बंद नीट सोडलेले.

आणि चिखलात अनवाणी पावलं. एकाच माणसाची. पाण्यातून निघून रस्त्याकडे गेलेली.

"तो जिवंत आहे!" मालिनी ओरडली. हसली, रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन घास खाल्ले. त्या भागातले सगळे दवाखाने पालथे घातले, पोलिसांनी गावोगाव विचारलं. एका माणसानेही त्याला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहीत नोंद पडली. कोष्टकापेक्षा एक तास दहा मिनिटं उशिरा.

"हे कुठे मग?" मी विचारलं.

"अशी जागाच नाही," ती म्हणाली. "खाडी पन्नास मिनिटांवर संपते. त्यापुढे भरती नसते. त्यापुढे जमीन आहे."

मग दीड तास. मग दोन तास वीस.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर खोलीत थांबले. बाहेर ऊन होतं, ट्रॅक्टरचे आवाज येत होते. आत मालिनी शाल पांघरून सतराव्या नळीसमोर स्टुलावर बसली होती.

वेळ झाली... आणि पंख्यांचा आवाज बंद झाला.

पंखे फिरत होते. आवाज तेवढा नव्हता.

मग कुबट, खारट वास आला. रॅकखालून पाणी निघालं आणि फरशीभर पसरलं. माझ्या चपला भिजल्या.

मग तो आवाज...

चिखलात रुतलेला पाय उपसून काढावा, तसा. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. आधीपेक्षा जवळ.

मी दाराकडे पळाले. मालिनी जागची हलली नाही. "देव, चुकलं रे माझं," ती म्हणत होती. "ये. काय म्हणायचं ते म्हण. पण ये."

मार्गशीर्ष अमावास्येला आम्ही सकाळपासून बसून होतो. मामाही आला होता. दुसऱ्या दिवशी द्राक्षं यायची होती, नळ्या हलवणं भाग होतं. दुपार झाली, संध्याकाळ झाली.

पाणी आलंच नाही.

हिरामणने हात जोडले. "गेलं म्हणायचं एकदाचं." मामाने सुस्कारा सोडला. मालिनीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. तिची शेवटची आशा सुटली, असं मला वाटलं.

दिवेलागणीला मी तिला देवळालीला सोडलं. तिचे वडील अंगणात टाकीकडे बघत उभे होते.

"टाकी तर भरलेली नाही," ते म्हणाले. "मग ही पायरी ओली कशी झाली?"

मालिनीने वाकून पायरीला बोट लावलं, जिभेला लावलं... आणि घराची दोन्ही दारं सताड उघडली.

"मालू, लाव ती! तो माफ करायलाच येतोय हे कशावरून?" मी ओरडले.

"कशावरूनच नाही," ती म्हणाली. "तरी उघडी राहू देत."

मी तशीच मागे फिरले. खोटं कशाला बोलू, पळालेच. तेव्हापासून त्या घरी गेलेली नाही. जायला हवं, पाठची बहीण असल्यासारखी आहे ती. पण पाय उचलत नाही.

तिचे वडील महिनाभरापूर्वी धाकट्या मुलाकडे सटाण्याला राहायला गेले. ती गेली नाही.

परवा धीर करून फोन लावला. आवाज शांत होता तिचा. जेवतेस का, विचारलं. हो म्हणाली. मग मी चाचरत विचारलं, "आणि पाणी? हल्ली किती वाजता येतं?"



"आता येत नाही गं," ती म्हणाली. "आता ते जातच नाही."