येसाजीचं फडकं

गुंद गावात धाकलूमामाच्या ओसरीवर जेवणं आटोपली की पोरं आपोआप जवळ सरकायची. त्या रात्री मामानं सुपारी कातरली आणि अडकित्ता बाजूला ठेवला.

"रामनगरच्या लखूचं सांगतो. माझ्या वळखीचा. खोटं वाटलं तर उठून जावा. मात्र वाटंत भ्यालासा तर माझ्या नावानं वरडू नका."

साल एक्क्याण्णव. भाऊबीजेची रात्र. प्लायवूडचा कारखाना दिवाळीचे पाच दिवस बंद होता, तो सकाळी सहाला सुरू व्हायचा होता. गार पडलेला बॉयलर घाईनं तापवून चालत नाही, चार तास तरी हळूहळू वाफ धरावी लागते. म्हणून लखू रात्री दीडला सायकलवर निघाला.

दोन वर्षांपूर्वी तिथला बॉयलर सांभाळणारा येसाजी काविळीनं गेला. त्याचं बॉयलरचं काम लखूला मिळालं. पुढल्या वर्षी त्याची बायको देवकीही पाट लावून लखूच्या घरी आली. दोन्ही मिळालं, पण दोन्हीवर नाव येसाजीचंच राहिलं. कारखान्यात जरा वाफ कमी पडली की कोणीतरी म्हणायचंच, "येसाजी असता म्हंजे..." घरी देवकी त्याचं नावही काढत नसे. लखूला ते जास्त लागायचं.

येसाजीनं एक रीत घालून दिली होती. बॉयलर बंद केला की आतलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीखालच्या कॉकला, म्हणजे तोटीला, तो एक फडकं बांधायचा. पुन्हा पेटवताना ते सोडायचं, कॉक उघडून काचेतलं पाणी वाहू द्यायचं आणि कॉक मिटायचा. काचेत पाणी परत चढलं तर बॉयलरात पाणी आहे. फडकं सुटल्याशिवाय काडी ओढायची नाही. फडकं देवकीच्या हिरव्या लुगड्याचं असायचं, तीच फाडून द्यायची. लखूनं एकदा मागितलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाजारात पंचे मिळत्यात की."

बॉयलरच्या भिंतीपलीकडे गुंद-कुंभारवाड्याकडची कामावरची आठ माणसं निजली होती. सकाळची बस मिळत नाही म्हणून आदल्या रात्रीच आलेली.

लखूनं दिवा लावला. कॉकवर ते येसाजीच्या वेळचं काजळलेलं फडकं.

"अजून हाईसच व्हय रे हितं?"

त्यानं ते हिसकून तोडलं. काचेत अर्ध्यापर्यंत पाणी दिसत होतं. "दिसतंय की डोळ्यांनी," तो स्वतःशीच म्हणाला आणि फडकं भट्टीत लाकडांवर फेकलं. आज ते जळताना बघायचं होतं त्याला.

काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. विझली.

वारा नव्हता.

तिसरीही विझली. तो कोपऱ्यातून रॉकेलचा डबा आणायला गेला. दहा पावलं जायचं, दहा यायचं.

परत आला.

कॉकला फडकं होतं.

बांधलेलं. ओलं. टप... टप...

त्यानं भट्टीत पाहिलं. जुनं फडकं लाकडांवर तसंच पडलं होतं. हे दुसरं. हिरवंगार.

"कोण... कोण हाय?"

भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज. बाकी काही नाही.

त्यानं गाठ सोडायला घेतली. सुटेना. ओढली. कॉक फिरला. काचेतलं पाणी वाहून गेलं. त्यानं कॉक मिटला. वाट पाहिली.

काच रिकामी.

आणखी वाट पाहिली...

पाणी चढलं नाही.

तळाचा व्हॉल्व्ह पाच दिवस गळत होता, बॉयलरात पाणीच उरलं नव्हतं. काचेची खालची वाट गाळानं बुजली होती, तिथं अडकलेलं जुनं पाणी तेवढं दिसत होतं. कोरड्या बॉयलरखाली जाळ घातला असता आणि मग पाणी सोडलं असतं, तर पत्रा फाटून भिंत उडाली असती.

"मग ती आठ माणसं, मामा?"

"त्यातला एक मी. घोरत हुतो."

सकाळी सगळे म्हणाले, येसाजीची रीत होती म्हणून वाचलो.  जीव वाचल्याचा आनंद लखूला झालाच नाही. आता तो जीवही त्याला येसाजीचाच वाटत होता.

ओलं फडकं मुठीत धरून तो घरी आला. देवकी ट्रंकेजवळ बसली होती. मांडीवर हिरवं लुगडं. एक पट्टी नुकतीच फाडलेली.

"फडकं पोचलं न्हवं?" ती म्हणाली.

"कुणाकडं दिलंस?"

"तुमच्याकडंच की. रात्री दारात आलासा... नाव घेऊन हाक मारलीसा. 'देवके' म्हणून."

लखूनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"...आवाज माझा हुता?"

देवकी लुगड्याची फाटलेली कड बोटांनी सारखी करत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लखूनं तेवढंच पाहिलं आणि मान फिरवली.

फडकं त्यानं अंगणातल्या दोरीवर टाकलं. कार्तिकातलं कडक ऊन. संध्याकाळी पाहिलं...

टप... टप...

मामानं अडकित्ता उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"चार वर्सांनी मी त्याच्याकडं गेलतो. दोरीवरच हुतं."

"सुकलं हुतं, मामा?"

मामा पुढं वाकला.

"दोरीखाली," तो हळूच म्हणाला, "दगडाला खळगा पडला हुता."