मशीनला वाचा फुटली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझी वहिनी खोटं बोलत नाही, आणि शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

वहिनी शिक्षिका. त्या मतदानाला तिची ड्यूटी तिच्याच शाळेत, पहिल्या मजल्यावरच्या वर्गात होती. दुपारची वेळ. खिडकीतून लख्ख ऊन.

त्या वर्षी मतदानाच्या मशीनला पहिल्यांदाच आवाज बसवला होता. बटण दाबलं की... टीं.

वहिनीला तो आवाज ऐकवत नव्हता. कारण तिची मैत्रीण त्यासाठीच भांडता भांडता जिवानिशी गेली होती.

ती मैत्रीण टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून अंध. अंध महिलांच्या वसतिगृहात राहायची. तिथला व्यवस्थापक सगळ्यांना मतदानाला न्यायचा आणि त्यांच्या वतीनं बटण दाबायचा. त्याला सगळे मामा म्हणत. प्रत्यक्षात मामा बनवायचा तोच.

त्याआधीच्या मतदानाला ती त्याचं कोपर धरून उभी होती.

"मी वरचं बटण सांगितलं. तुमचा हात खाली गेला," ती भर वर्गात म्हणाली. "मशीनला आवाज द्या. मत पडलं की कळेल. मग आम्हाला कुणाचा हात नको."

तिनं तक्रार केली. मामाची नोकरी जायची वेळ आली.

त्याच आठवड्यात ती वसतिगृहातल्या लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेली. दार उघडं होतं. लिफ्ट वरच्या मजल्यावर होती.

तिथली स्वयंपाकीण वहिनीला हळूच म्हणाली, "मामांचा आवाज ऐकला मी. 'चला, सपाट आहे' म्हणाले."

पोलिसांसमोर मात्र तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आणि आता तोच मामा रांगेतून पुढे आला. हसत.

"काय बाई, मशीनला वाचा फुटली म्हणे!"

वहिनीनं मान वर केली नाही. तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.

त्यानं बटण दाबलं.

मग... टीं...

आवाज थांबेना.

अधिकाऱ्यांनी बटणं दाबून पाहिली. वायर उपटली.

टीं.........

"लाईट का घालवली?" आतून मामा ओरडला.

त्याच्या पाठीवर ऊन पडलं होतं.

"अरे, लाईट लावा!"

तो बाहेर आला. डोळे सताड उघडे. डावं कोपर बाजूला काढलेलं... आणि शर्टाची बाही चार ठिकाणी दबलेली. कुणीतरी घट्ट धरल्यासारखी.

आवाज बंद पडला.

त्या शांततेत वहिनीला ऐकू आलं. फोनवर बोलावं तसं, गोड, सावकाश.

"पाऊल उचला. उंबरठा आहे."

मामानं पाऊल उचललं. उंबरठा होताच.

"हात सोड," तो रडत म्हणाला. "सोड ना."

दोन शिपाई धरायला धावले, पण तो त्यांच्या हाताला लागेना. व्हरांड्यातून सरळ जिन्याकडे.

"चला, सपाट आहे."

त्यानं पाय टाकला.

जिना संपेपर्यंत त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. हाडं मोडली, पण जीव वाचला. डोळ्यांत काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणतात. दिसत मात्र काहीच नाही.

वहिनीला मी म्हणालो, "तुझा भास असेल."

ती एवढंच म्हणाली, "तिचा आवाज मी ओळखणार नाही?"

मग गेल्या महिन्यात मामा मला बाजाराजवळच्या फुटपाथवर दिसला. कपाळावर नवी जखम, जुन्या जखमांच्या शेजारी. हातात काठी नाही. डावं कोपर बाहेर.

माझी चाहूल लागताच थांबला.

"पुढे काय आहे हो? खरं सांगा. ही कधी खरं सांगते, कधी खोटं. कळतच नाही. मरूही देत नाही."

पुढे गटार उघडं होतं.

मी तोंड उघडलं... आणि कानाशी कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "दादा, तुम्ही मध्ये पडू नका."

मी बाजूला झालो.

दोघं जाऊ शकतील एवढी जागा सोडून.