पाटीवरचा शेवटचा शब्द

बाहेर धाडकन काहीतरी पडलं. मी हेल्मेट डोक्यावर सरकवून पत्र्याच्या फटीतून पाहिलं, तर आमच्या दारात एक माणूस उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर पिवळ्या रंगाचा डबा उपडा झाला होता. शिडी मात्र भिंतीला टेकून साळसूद उभी होती. तिची वरची एक पायरी तेवढी एका बाजूने लोंबत होती.

"अहो, लागलं का?" मी आतूनच ओरडले.

"मला नाही... रंगाला लागलं," तो आकाशाकडे बघत म्हणाला.

मला फस्सकन हसू आलं. लगेच जीभ चावली. मी त्या फटीतून डोकावायचं नाही, आवाज तर मुळीच द्यायचा नाही, असा आमच्या घरचा नियम होता. घराला लागून आमची शेड, शेडच्या मधोमध पत्र्याचं पार्टिशन. पुढच्या बाजूला टेबलखुर्ची टाकून दादा बसायचा आणि गिऱ्हाइकांशी गोडगोड बोलायचा. "बाबा आत कामात आहेत" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आत कामात असायचे मी. बाबा माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, "रॉड जरा तिरका धर गं" म्हणायचे आणि आपला उजवा हात डाव्या हाताने दाबून ठेवायचे. तो हात थरथरायला लागल्यापासून या शेडमधून गेलेलं प्रत्येक गेट, प्रत्येक जाळी माझ्या हातची होती. नाव बाबांचं आणि तोरा दादाचा. त्या बहाद्दराने जन्मात कधी ग्राइंडरचं बटण दाबलं नव्हतं!

"मुलगी वेल्डिंग करते हे लोकांना कळलं तर कुत्रं फिरकणार नाही दारात," दादा म्हणायचा. बाबा गप्प बसायचे. मीही बसायचे, कारण मला ते काम हवं होतं. काळ्या काचेतून दिसणारा तो वितळता हिरवा ठिपका, आपण नेऊ तिकडे येणारा... तो सोडून मला जगातलं दुसरं काहीच नको होतं.

आणि आता दादाने नवीन पाटी करायला घेतली होती. वर बाबांचं नाव आणि खाली ठसठशीत अक्षरांत "आणि चिरंजीव". ती रंगवायला आलेला पेंटर आमच्या दारात रंगात लोळत होता.

त्याची शिडी दादाने आत आणून दिली. तुटलेला जोड घासून मी पायरी पुन्हा जोडली, खालच्या दोन पायऱ्यांवरही मनाने एकेक टाका वाढवला. बाबा ती शिडी घेऊन बाहेर गेले आणि चहा पीत खुर्चीत बसले. मी फटीला डोळा लावला. हो, लावला! पेंटरने त्या जोडावरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग त्याने बाबांच्या कपाकडे पाहिलं. दादा फोनवर बोलत फाटकापाशी गेला, बाबा कप ठेवायला घरात गेले, तसा हा थेट पार्टिशनजवळ आला.

"ओ, आतल्या बाई."

मी फटीपासून मागे सरकले.

"शिडी डाव्या हाताने जोडलीय."

"कोण म्हणतं?"

"शिडीच म्हणते. वेल्डवरच्या या बारीक वळ्या बघा. उजव्या हाताचा माणूस डावीकडून उजवीकडे जातो. या उलट्या आल्यात. मी ब्रशवाला माणूस, हात कुठून निघाला ते मला लगेच दिसतं. आणि तुमचे बाबा कप उजव्या हातात धरतात. आणि तो हात थरथरतो."

"मग दादाने केलं असेल."

"दादाने? त्यांची नखं माझ्या बायकोपेक्षा स्वच्छ आहेत." तो एकदम अडखळला. "म्हणजे मला बायको नाहीये... पण असती तर तिच्यापेक्षा."

इतका वेळ धरून ठेवलेलं हसू माझ्या हातातून निसटलंच. "कोणाला सांगू नका," मी म्हटलं. "प्लीज."

"नाही सांगणार. फक्त एकदा तोंड दाखवा. रोज त्या शिडीवर चढायचंय, भरवसा कोणावर ठेवतोय ते तरी कळू दे."

मी फट जरा रुंद केली. तो बघतच राहिला.

"काय झालं?"

"काजळी लागलीय."

"कुठे?"

"सगळीकडे," तो म्हणाला. "पुसू नका."

एका दुपारचं काम होतं ते, पण पाटी काही संपेना. कधी भुरभुर पावसाने रंग वाळेना, कधी पिवळा जमेना, कधी म्हणे ब्रशचे केस गळले. दादा वैतागला. पेंटर मात्र रोज शीळ घालत हजर! एकदा तर स्टूल घेऊन आला. "पाय तुटला हो," म्हणत त्याने ते पार्टिशनच्या खालून आत सरकवलं. मी पाय उलटापालटा करून पाहिला.

"कसा तुटला?"

"बसलो आणि... कडकन."

"कडकन तुटलेलं लोखंड असं सरळ नसतं. हे हॅकसॉने कापलंय. आणि पातं उलटं लावलं होतं, दात मुठीकडे करून. म्हणून कापायला एवढा वेळ लागला असणार आणि हाताला फोड आले असणार. दाखवा हात."

फटीतून हळूच एक हात आत आला. तळव्यावर टप्पोरे फोड.

"येडपटच आहात," मी म्हटलं आणि मलमाची डबी आणली. मलम लावताना मी जरा जास्तच वेळ घेतला, हे कबूल. आपल्या स्टुलावर बसलेले बाबा खाकरले आणि उगाचच भिंतीवर टांगलेले स्पॅनर मोजायला लागले.

पाटीवर बाबांचं नाव झळकलं. खाली "आणि" उमटलं. तिथे ब्रश थांबला तो थांबलाच.

"शेवटचा शब्द का लिहीत नाही?" मी विचारलं.

"खोटा आहे. माझा हात चालत नाही."

माझं डोकंच फिरलं. "वा! तुम्हाला फुकटचं शूर व्हायला काय जातंय? तुम्ही शिडी खांद्यावर टाकून पुढच्या गल्लीत जाल. राहायचंय मला इथे. दादा बिथरला आणि त्याने शेडला कुलूप ठोकलं, तर मी काय करू? तुमच्या अक्षरांकडे बघत बसू?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. मग हळूच म्हणाला, "चुकलं माझं. हा शब्द माझा नाही, तुमचा आहे. तुम्ही म्हणाल ते लिहितो. लिहू 'चिरंजीव'?"

'लिहा' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं! मी हेल्मेट खाली ओढलं आणि ग्राइंडर सुरू केला, म्हणजे त्याला वाटावं की मला ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. मैदानासाठी झोपाळे, घसरगुंडी, चढायची जाळी असं भलंमोठं काम. दादाच्या तोंडाला पाणी सुटलं. तो पाटीकडे बोट दाखवून बाबांच्या हाताचं कौतुक सांगायला लागला.

"ते ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण त्या झोपाळ्यांवर माझी मुलं बसणार. जो माणूस ते जोडणार, त्याला मला इथे, माझ्यासमोर एक जोड मारताना बघायचंय. मग मी त्यावर घण घालणार. टिकला तर काम तुमचं."

दादाचा चेहरा पडला. "आज बाबांची तब्येत जरा..."

"माझी तब्येत चांगली आहे," बाबा म्हणाले. ते आत आले, त्यांनी केबल ओढत पुढच्या भागात नेली, दोन पाइप मांडले, हेल्मेट घातलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. ठिणगी उडाली, रॉड थरथरला आणि पाइपला चिकटून बसला. बाबांनी तो हिसडून सोडवला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा ठिणगीसुद्धा उडाली नाही. हेल्मेटच्या आत माझे बाबा काय करत असतील, या विचाराने मला फटीमागे उभं राहवेना.

शिडीवरून पेंटर खाली उतरला. "बाई, मी सांगतो, खरं म्हणजे..."

"तुम्ही गप्प बसा!" मी पार्टिशनचं दार लाथेने उघडलं. "माझं मी सांगते."

दादाने दात-ओठ खाल्ले. "आत जा."

"आत आत आत! किती वर्षं आत? बाई, इथली कामं मी करते. शिकवलं बाबांनी, हात माझा आहे. हा डावा. झोपाळेही मीच करणार. आता जोड मारते, घण तुम्ही घाला. आणि तुटला तर खुशाल दुसरीकडे जा."

बाबांनी हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर इतकी सुटका मी कधी पाहिली नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने ते माझ्या डोक्यावर घातलं. "रॉड तिरका धर," ते म्हणाले.

मी टाका मारला आणि सावकाश, अजिबात घाई न करता, उजवीकडून डावीकडे सगळा जोड भरत नेला. वरची काळी खपली ठोकून काढली. खाली चकचकीत वळ्या उमटल्या होत्या. जोड निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग बाईंनी पदर खोचला आणि घण घातला. एक. दोन. पाइप वाकला, जोड जागचा हलला नाही.

"झोपाळे कधी बसवाल?" बाईंनी विचारलं. दादाला नाही. मला.

त्या गेल्यावर मी पेंटरकडे वळले. "लिहा हो आता. कन्या."

त्याने एका दमात लिहिलं. दादा खवळला. "रंगच आहे ना? मी खरवडून टाकीन! आणि उद्या हिचं लग्न होऊन ही गेली, की या पाटीचं काय करायचं? कन्या म्हणे!"

"रंग खरवडता येतो, बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

दुपारी मी बारीक सळया वाकवल्या. त्याने रंगवलेल्या अक्षरांवर एकेक ठेवून बघितली. शिरोरेघेला सरळ सळई, दोन सळया जिथे भेटतात तिथे टोकं थोडी घासलेली. पत्र्याला भोक पडू नये म्हणून करंट कमी केला आणि शिडीवर चढले, माझ्याच हाताने जोडलेल्या पायरीवर. शेजारच्या लाकडी स्टँडवर पेंटर, सळया चिमट्यात धरून. खाली गल्ली जमली होती. दादा खुर्चीत तोंड फिरवून बसला होता आणि बाबा रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माझी मुलगी. हो, तीच."

"दादांचा प्रश्न राहिलाच," पेंटर हळूच म्हणाला. "लग्न झाल्यावर पाटीचं काय?"

"काय व्हायचंय? लग्न झालं म्हणून मी बाबांची कन्या राहणार नाही होय?"

"तेच म्हणतो मी. म्हणजे पाटी न बदलता... लग्न करता येईल. कोणाला करायचं असेल तर."

"कोणाला?"

"आहे एक जण. उलट्या पात्याने स्टूल कापतो." त्याचे कान लालभडक झाले होते. "तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून, उताणा पडलो होतो तेव्हापासून."

मी त्याच्या चिमट्यातली शेवटची सळई अक्षरावर टेकवून घेतली.

"ऐक," मी म्हटलं, "ही शेड सोडून मी कुठेही यायची नाही. पार्टिशनमागे बसायची नाही. आणि माझ्या वतीने कधी बोलायचं नाही."

"शिडी घेऊन मीच येईन. बोलणार नाही. 'लिही' म्हणालीस तरच लिहीन."

"मग करतोस लग्न?"

"अगं, हे मी विचारणार होतो!"

"उशीर केलास. डोळे मीट, शेवटचा टाका मारते. काच नाहीये तुझ्याकडे."

त्याने गच्च डोळे मिटले, शहाण्यासारखे. "उघडू कधी?"

"मी सांगेन तेव्हा."

टाका मारून झाला तरी मी 'उघड' म्हटलं नाही. मी हेल्मेट वर सरकवलं आणि भर दुपारी, अख्ख्या गल्लीसमोर, दादासमोर, बाबांसमोर वाकून त्याच्या गालाचा मुका घेतला. खाली कोणीतरी शिट्टी मारली. त्याच्या गालावर माझी काजळी उमटली होती, चांगली ठसठशीत.

तो पुसायला गेला तसा मी त्याचा हात धरला. राहू दे म्हटलं, कळू दे लोकांना.