देहतुलेची जोड

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत काचेच्या दोन कक्षांत दोन मुली उभ्या होत्या. मधल्या पडद्यावर दोन प्रकाशरेषा चढत होत्या, एकाच मांडवावर चढणाऱ्या दोन वेलींसारख्या.

एक रेषा तेजल मगदूमची. महिलांची गदा गेल्या वर्षी तिच्याच खांद्यावर आली होती. दुसरी केतकी शेळकेची. केतकी मुलगा म्हणून जन्मली, बाई म्हणून जगत होती आणि तिला महिलांच्या आखाड्यात उतरायचं होतं. तेजलने तक्रार केली होती: वयात येताना मिळालेली हाडं औषधांनी उतरत नाहीत.

"ही देहतुला," शरीरशास्त्रज्ञ डॉ. शर्वरी इंगवले कुस्ती संघाचे सचिव खाडे यांना सांगत होत्या. "मैदानात वस्ताद दोघांचे हात धरून जोड लावतात ना? ही तेच करते. हाडांची घनता, स्नायूंची ओढ, श्वासाचा साठा, सगळं तोलते. बाई की पुरुष, ते मात्र विचारत नाही."

रेषा थांबल्या. एकाच उंचीवर.

"जोड लागली," शर्वरी हळूच म्हणाल्या. भांडण मिटलं, असं त्यांना वाटलं.

केतकी बाहेर आली. डोळे भरलेले. "म्हणजे गदेसाठी मी खेळू शकते, मॅडम?"

खाडे पडद्याकडेच पाहत होते. "यंत्र विचारत नाही, मग आपण तरी महिला गट ठेवायचा कशाला? ज्याची जोड ज्याच्याशी, त्यानं त्याच्याशी लढावं. सगळ्यात वरची रेषा जिंकेल. गदा एकच."

शर्वरी त्यांना अडवायला पुढे सरकल्या, पण थांबल्या. तर्क त्यांच्याच यंत्राचा होता.

"एकच?" तेजल कक्षाच्या दारातच थबकली. "सगळ्यात वरच्या रेषा कुणाच्या असत्यात, साहेब? बाईच्या खांद्यावर पुन्हा कधी गदा यायची?"

ती बाहेर येऊन खाडेंसमोर उभी राहिली.

"माझ्या आईला तालमीच्या दारातनं परत लावलं होतं," ती म्हणाली. "तिच्यासारख्या भांडल्या, तवा ही गदा आली."

केतकी भिंतीला टेकली. "मला तुमच्या घरात यायचं होतं गं. घर पाडायचं नव्हतं."

"रडू नगंस. मी तक्रार मागं घेतलेली नाही."

"ठाऊक आहे."

"घेणार बी नाही."

"ते पण ठाऊक आहे."

पकड मोजताना हात निसटू नयेत म्हणून तेजलने तालमीतली तांबडी माती डब्यात आणली होती. तिने चिमूटभर उचलली आणि कुस्तीआधी देतात तशी केतकीच्या तळहातावर ठेवली.

"चल. आधी घर परत मागू. मग तू आत का बाहेर, ते भांडू."

केतकीने मूठ मिटली.