टीव्ही पुन्हा झूमवर

भिया, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पण कसम से सांगतोय... हे माझ्याच घरात घडलंय. इंदूर, सुदामा नगर. आणि रात्री नाही, रविवारी भर दुपारी.

बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

त्यांच्या टीव्हीला मी गेमचा कन्सोल जोडला. चित्र चारी बाजूंनी कापलेलं. कोपऱ्यातला स्कोअरच दिसेना! केबल बदलली, कन्सोलचं रिझॉल्युशन कमी-जास्त करून पाहिलं. शेवटी कळलं, टीव्हीच झूमवर होता.

झूम काढला. एकदम चकाचक.

चहा घेऊन आलो, तर...

पुन्हा झूम.

असं रोज व्हायला लागलं. त्या रविवारी मित्र खेळायला आले, आणि ऐन मॅचमध्ये तेच.

मी सगळ्यांसमोर ओरडलो, "आई, कितनी बार बोललो, रिमोट छेडू नकोस! डोकं चालत नाही का तुझं?"

"मी नाही रे हात लावला," आई म्हणाली.

मित्र माना खाली घालून निघून गेले. मी तरी थांबावं ना! बायकोला, तन्वीला म्हणालो, "हिला डॉक्टरला दाखवू. पागल व्हायला लागलीय ही."

आई दारातच उभी होती.

तन्वी तिला खजरान्याच्या गणपतीला दर्शनाला घेऊन गेली. मी रिमोटचे सेल काढले, रिमोट कपाटात टाकून कुलूप लावलं. झूम काढलेलाच होता. घरात मी एकटा.

ठप... ठप...

आवाज कपाटातून येत होता.

सेल कमजोर झाले की बाबा रिमोट असाच तळहातावर आपटायचे.

स्क्रीनवर आपोआप मेनू उघडला. एकेक ओळ खाली सरकायला लागली... हळू, चाचपडत.

झूम.

मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो.

आई परत आली. माझं तोंड पाहूनच तिला कळलं.

"राहू दे मोठं," ती म्हणाली. "त्यांना बारीक अक्षर दिसत नाही."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पागल म्हणाला असतास." तिनं चपला काढल्या. "तसाही म्हणालासच."

आणि तिनं माझ्या हातावर प्रसादाचा लाडू ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

टीव्ही आता झूमवरच असतो, रिमोट कपाटातच. स्कोअर दिसत नाही, न दिसो. पण आईची माफी मागायला अजून जीभ उचललेली नाही.

परवा तिच्यावर माझा आवाज पुन्हा चढला. कपाटातून लगेच...

ठप.