धोंडूच्या मापाची अंगठी

लालबागच्या चाळीत धोंडूला सगळे नटवा म्हणत. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा माणूस, पण बोटात चांदीची अंगठी आणि तिच्यात दुधाळ ओपल! खडा उन्हात धरला की आत हिरवं-तांबडं काहीतरी हलायचं. अंगठी मागून चिरलेली होती. दाबली की लहान, ताणली की मोठी. गिरण्यांचा संप लांबला, घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली, तेव्हा धोंडू भिवंडीला यंत्रमागावर निघाला आणि अंगठी काढून त्यानं बायकोच्या हातात ठेवली.

"मागात अडाकली तर बोट जायत. तू घाल."

तुळसानं ती दाबून आपल्या बोटात घातली. निजताना काढून खिडकीच्या फळीवर ठेवायची. सकाळी बघावं तर अंगठी उघडलेली, पुरुषाच्या बोटाएवढी. आधी वाटलं, चांदी नरम असेल. पण रोज दाबावी आणि रोज सकाळी तेच. धोंडूचा निरोप नव्हता, पत्ता नव्हता. शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, "त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं असणार. तू बस वाट बघत."

तुळसा नुसती हसली. नवरा रोज येऊन अंगठी घालून बघतो, हे कमळाबाईंना काय सांगणार?

दिवाळीनंतर मात्र अंगठी सकाळी लहान दिसू लागली. आज थोडी, उद्या आणखी थोडी. तुळसानं ओळखलं. माणूस उपाशी मरत होता! तिनं आपल्या भाताचे दोन वाटे केले, वर सुकटीची चटणी घातली आणि ताट अंगठीशेजारी ठेवलं.

"जेवा. लाजा नको."

सकाळी ताट जसंच्या तसं होतं, पण अंगठी मोठी झाली होती. कावळ्याला तो भात घालायला तिचं मन धजेना. मांजरीला घातला, तर तिनं तोंड फिरवलं.

मग ते रोजचंच झालं. ती ताटापाशी बसून चाळीतल्या गमती सांगायची, लाडानं रागवायची. अंगठी वाढत गेली. "अंगावर धरलंय हां आता!" असं म्हणताना तिला भरून यायचं. तिच्या स्वतःच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

संप विरला. एका दुपारी धोंडू दारात उभा राहिला.

नुसती हाडं. तुळसानं सगळ्या चाळीदेखत त्याला मिठी मारली आणि पोटभर रडली. मग हौसेनं अंगठी आणून त्याच्या बोटात घातली.

ती घरंगळून फरशीवर पडली.

धोंडूनं उचलून पाहिली. "माझा बोट इतका जाड कधी होता गो?"

तुळसानं वळून खिडकीच्या फळीकडे पाहिलं. आपण कुणाला जेवू घालत होतो? आणि हा तिकडे उपाशी.

ती उठून चुलीशी गेली. भात टाकला, बांगडे तळले. वाढायला तीन ताटं घेतली: तिचं, धोंडूचं आणि सवयीनं खिडकीजवळचं. मग तिसरं तिनं गुपचूप मांडणीवर परत ठेवलं.

धोंडू जेवायला बसला.

बसल्या बसल्या थोडा डावीकडे सरकला.

भिंतीकडे एका माणसाची जागा झाली.

"तिसरा ताट घे गो," तो हळूच म्हणाला. "भिवंडीत पण रोज माझ्या ताटात जेवता होता. तो माझ्या उजवीकडे बसता."